कुर्ती पाठीत बसली की कंबरेत तंबू, कंबरेत बसली की हात वर होत नाही. नक्की कुठला कट घालू?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. विषय बायकी वाटेल पण पुरुषांनी लिहायला काही हरकत नाही, आमच्या घरात शर्टांचं पण हेच रडगाणं आहे.

राहते ठाण्यात पाचपाखाडीला, ऑफिस ऐरोलीला, रोजची ट्रान्सहार्बर. उंची ५ फूट २ इंच. जाड नाही, बारीकही नाही, पण खांदे रुंद आणि खांद्यांपेक्षा पाठ जास्त रुंद, शाळेत गोळाफेकीला सर न विचारता माझंच नाव लिहायचे. कंबर आहे, दिसते, पण फार बारीक अशी नाही.

तर होतं काय, एम साइजची कुर्ती छातीत बसते, कंबरेत तर मस्तच बसते, आणि गाडीत वरची कडी धरायला हात वर केला की अख्खी कुर्ती वर येते, साइडचा कट कंबरेच्या वर, गळा हनुवटीकडे आणि पाठीत या काखेपासून त्या काखेपर्यंत नुसता ताण. शिवणी उसवतात त्या पण तिथेच. एक्सएल घेतली तर पाठ मोकळी पण खाली सगळा तंबू, सासूबाई म्हणतात बरं आहे की, वारा लागतो, पण फोटोत मी आहे त्याच्या दीडपट दिसते. आणि राम मारुती रोडवरून नणंदेने आणि मी सेम कुर्ती घेतली, नुसता रंग वेगळा, तिच्यावर ती अशी सरळ पडते की बघत राहावं. ती ५ फूट ७ आणि सडपातळ आहे ते मान्य, पण कपडा तोच ना?

नेटवर बघायला गेले तर आधी ते अंगाच्या आकाराला सफरचंद, नासपती म्हणायचं प्रकरण. त्यात मी इन्व्हर्टेड ट्रँगल, म्हणजे खांदे रुंद आणि खाली निमुळती, निघाले, म्हणून बोट नेक (खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा रुंद गळा) बंद, पफ बाही बंद, खाली घेर घाला. बोट नेक माझा जीव की प्राण आहे हो. मग ऑफिसातल्या मैत्रिणीने ते किबी टाइपवालं, म्हणजे शरीराच्या ठेवणीवरून टाइप ठरवून कपडे सुचवणारं, पाठवलं, क्विझ सोडवली तर सॉफ्ट नॅचरल, दुसऱ्या साइटवर सॉफ्ट क्लासिक, आणि एका व्हिडिओवाल्या बाईच्या हिशोबाने मी फ्लॅम्बॉयंट गॅमिन. डोकं गरगरलं.

मला एवढंच कळायला हवंय की आपल्या शरीराची जी मुळातली ठेवण आहे तिला साजेसा कट शोधायचा कसा. रोजच्या ऑफिसच्या कुर्त्या, आणि मार्गशीर्षात दिराचं लग्न आहे त्यासाठी साडी ब्लाउज. कोणी या किबी प्रकारात पडलंय का? खरंच उपयोग होतो की नुसताच टाइमपास?

सुईदोरा

ताई, मी शिवते, ठाण्यातच नौपाड्यात छोटं बुटीक आहे (जाहिरात नाही करत, नावही सांगणार नाही). ते टाइप बिइप मला कळत नाही पण तुमचं दुखणं रोज माझ्या टेबलावर येतं.

तुमचा खांदा एक आहे आणि पाठ वेगळी आहे. बरेचसे टेलर खांदा टोकापासून टोकापर्यंत घेतात, छाती घेतात, कंबर, सीट, उंची आणि झालं, पाठीचं माप घेतच नाहीत. ते कुठे घ्यायचं तर मागून, दोन्ही हात थोडे पुढे घेऊन, काखेच्या घडीपासून समोरच्या काखेच्या घडीपर्यंत. हात खाली सोडून घेतलं आणि पुढे घेऊन घेतलं यात चांगला फरक पडतो आणि तुम्ही कडी धरता किंवा लॅपटॉपवर बसता तेव्हा हात पुढेच असतात.

दुसरं म्हणजे काखेत घट्ट होतंय अशी तक्रार केली की टेलर लगेच मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) खाली कापून देतो. त्याने हात खाली असताना बरं वाटतं, पण मुंढा जेवढा खाली तेवढी हात वर केल्यावर कुर्ती जास्त वर येते कारण बाही थेट बाजूच्या कापडाला ओढते. करायचं उलटं, मुंढा वरच ठेवायचा, काखेला लागून, पाठीच्या भागात प्रत्येक बाजूला अर्धा पाऊण इंच जास्त द्यायचा आणि बाहीचा वरचा गोल कमी उंच आणि जास्त रुंद कापायचा. जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात काखेत चौकोनी तुकडा लावायचे बघा, तो याच कामाचा, हात कितीही वर करा अंगरखा जागचा हलत नाही.

रेडीमेड घेणार असाल तर पाठीला बसेल ती साइज घ्या, आणि छातीच्या खालून साइडने व मागे दोन उभे टक्स घालून कंबरेत आत घ्या. पाठीतली छोटी कुर्ती मोठी करता येत नाही, रेडीमेडमध्ये आत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, सोडतच नाहीत हल्ली. मोठी मात्र लहान होते.

बोट नेक तुम्हाला नको असंच मी पण सांगेन, खांदे अजून रुंद दिसतील. व्ही गळा किंवा पान गळा घ्या.

उरेबकट

@खाडीपलीकडची, किबीबद्दल मी लिहिते. मी खारघरच्या निफ्टची (फॅशनचं सरकारी कॉलेज), शिकून बरीच वर्षं झाली, आता एका एक्सपोर्टवाल्यांकडे पॅटर्न काढते, त्यामुळे माझी मतं थोडी धंद्यातली आहेत.

डेव्हिड किबी हा न्यूयॉर्कचा स्टायलिस्ट, १९८७ मध्ये त्याने ही पद्धत लोकांपुढे आणली. मूळ कल्पना त्याच्याही आधीची, अमेरिकेतल्या कपड्यांच्या शिक्षणात यिन आणि यांगच्या भाषेत माणसाची ठेवण आणि कपडा जुळवायचं १९३०च्या दशकापासून चालू होतं. लांब, सरळ, टोकदार म्हणजे यांग, आखूड, गोलाकार, मऊ म्हणजे यिन. किबीने एका टोकाला ड्रामॅटिक, दुसऱ्या टोकाला रोमँटिक ठेवून मध्ये बाकीचे बसवले, एकूण १३ टाइप. पुढे नॅचरल, क्लासिक, गॅमिन हे तीन निव्वळ टाइप त्याने काढूनच टाकले, राहिले १०. त्याच्या यादीत मर्लिन मन्रो रोमँटिक आणि सोफिया लॉरेन सॉफ्ट ड्रामॅटिक. आणि मुख्य म्हणजे ती क्विझ त्याने स्वतःच सोडून दिलीय! नेटवर फिरतात त्या तिच्याच आवृत्त्या, त्यामुळे तीन ठिकाणी तीन उत्तरं आली यात तुझी काही चूक नाही. क्विझमध्ये हात लहान की मोठे, नाक कसं, गाल कसे असं तुकड्या तुकड्याने विचारतात आणि कपडा काही तुकड्यावर पडत नाही, पूर्ण माणसावर पडतो.

आता तो म्हणतो कपडा अंगावरून खाली सोडला तर आधी कशाला अडतो ते बघ. उंचीमुळे न अडता लांबच लांब खाली जातो का, पाठीच्या वरच्या भागात रुंदीला अडतो का, की छाती आणि नितंबांच्या गोलाईला अडून मध्ये आत जातो. काहींचं यातलं काहीच ठळक नसतं, सगळं सम असतं, आणि काही जणी सगळीकडूनच छोट्या चणीच्या असतात. बस, एवढंच. जे अडतंय त्याला कपड्यात जागा द्यायची. तुझ्या नणंदेला तो उभेपणा आहे, त्याच्या हिशोबाने साधारण साडेपाच फुटांच्या वर गेलं की उभेपणा आलाच, म्हणून स्ट्रेट कट, वरून खालपर्यंत एक रंग, मध्ये कुठे तोडलं नाही की ती झकास दिसणार. तुझा कपडा पाठीत अडतोय आणि नंतर कंबरेत आत जायला बघतोय. म्हणजे रुंदी आणि गोलाई दोन्ही, त्याच्या भाषेत सॉफ्ट नॅचरल. न बघता नक्की नाही सांगणार पण तू लिहिलंयस त्यावरून तरी तसंच.

म्हणून बोट नेकवर सुईदोराताईंशी माझं जमत नाही. ते इन्व्हर्टेड ट्रँगलचं सगळं शास्त्र शरीर झाकून सगळ्यांना आवरग्लास, म्हणजे मध्ये बारीक डमरूसारखं, दाखवायच्या खटपटीवर उभं आहे. रुंद खांद्यावर बारीक खोल व्ही गळा दिला की दोन्ही बाजूंना कापडाचा मोठा सपाट भाग राहतो आणि खांदे उलट जास्त डोळ्यात येतात, रुंद गळा तो भाग मोकळा करतो. बोट नेक घाल, फक्त कडक कापडात आणि बकरम (आतून लावतात ते ताठ कापड) लावून नको, मऊ कापडात, थोडा खाली उतरलेला.

टाइप ठरवायचा नसेल तरी एक फोटो काढून बघ. अंगाबरोबरचे कपडे, फोन स्टूलवर कंबरेच्या उंचीला, ८-१० फुटांवरून, झूम दोन करून, टायमर लावून. हातात धरून वरून काढलेला फोटो किंवा आरशातला काही कामाचा नाही, जवळून काढला की जे लेन्सच्या जवळ तेच मोठं येतं, खांदे रुंद आणि पाय आखूड. मग त्या फोटोवर खांद्याच्या टोकापासून खालपर्यंत बाहेरची रेघ काढ आणि बघ ती कुठे बाहेर जाते, कुठे आत येते.

आणि हो, एम एक्सएल वगैरेचा राग मनातून काढून टाक. आपल्याकडचे साइज चार्ट बरेचसे परदेशी मापांवरून उचललेले आणि मग ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने बदललेले. म्हणूनच निफ्टने इंडियासाइझ नावाचा सर्व्हे हातात घेतला, ६ ठिकाणी, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची असा बेत होता. आपल्या मापांचे चार्ट दुकानात येईपर्यंत लेबल कापून टाकायचं आणि इंचाची टेप पर्समध्ये ठेवायची.

पारसिकचा_बोगदा

पुरुषांनी लिहायला हरकत नाही म्हणालात म्हणून. मला खांद्यात ४४ लागतो आणि पोट अजून तरी ४०चं आहे. स्लिम फिट घातला की ऐरोली येईपर्यंत बटणांच्या मध्ये डोळे उघडतात, रेग्युलर घातला की मागे शिडाची होडी. एका जुन्या टेलरने खांद्यामागच्या आडव्या पट्टीखाली दोन्ही बाजूंना एकेक चुणी घालून दिली, मधली एकच मोठी नाही तर दोन टोकांना दोन, बस तेव्हापासून रेडीमेड बंद. हात पुढे केला की चुणी उघडते, खाली आणला की मिटते. बायकांच्या कुर्तीत हे का करत नाहीत देव जाणे.

बाकी यिन यांग वगैरे म्हणजे राशिभविष्यच वाटतं मला. माझा टाइप कल्याण लोकल.

उरेबकट

@पारसिकचा_बोगदा, हाहा. राशिभविष्य म्हणा हवं तर, त्यामागे काही प्रयोगशाळेतलं संशोधन नाही हे खरंच आहे. मी पण त्याला फक्त कापडाकडे बघायची एक सवय म्हणून घेते. लोकांचं वेड असं असतं की आधी टाइप ठरवतात आणि मग त्या टाइपला परवानगी नाही म्हणून चांगले कपडे वाटून टाकतात, त्याला माझा पण विरोध आहे. दोन चुण्यांबद्दल मात्र +१००, बायकांच्या शर्ट कुर्तीत अगदी चालतं.

खाडीपलीकडची

बाप रे, एवढी उत्तरं! सगळ्यांना दंडवत.

काल रात्री लेकाच्या अभ्यासाच्या स्टूलवर फोन ठेवून फोटो काढला, नवरा विचारत होता पासपोर्टला पाहिजे का. रेघ काढली तर खांद्यापासून काखेपर्यंत सरळ बाहेर, मग छातीला अजून थोडी बाहेर, मग कंबरेत आत आणि परत बाहेर. आणि मी समजत होते तेवढे पाय आखूड नाहीत!! एवढी वर्षं आरशातल्या फोटोंनी फसवलं.

मग कपाट उघडून बसले. ज्या दोन कुर्त्या मी कायम घालते, म्हणजे धुतल्या की परत त्याच, त्या दोन्ही मलमलच्या, गोल मोठा गळा, छातीखाली नुसती नाडी, बाही कोपरापर्यंत. आणि ज्या टॅगसकट पडल्यात त्या सगळ्या कॉटन सिल्कच्या, चायनीज कॉलर, स्ट्रेट कट. म्हणजे हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं.

आता ऑफिसला नुसती मलमल चालत नाही, दुपारपर्यंत चुरगळते आणि क्लायंट आले की गबाळी दिसते. त्यावर काय करू? आणि साडी ब्लाउजचं कोणीच बोललं नाही, मला सासूबाईंनी त्यांची पैठणी द्यायचं म्हटलंय, रुंद काठाची आहे, ५ फूट २ वर ती कशी दिसणार?

काठपदर

अगं बाळा, पैठणी मिळतेय तर नेस आणि गप्प बस आधी :)

गंमत बाजूला. मी वाशीला राहते, साठी उलटली, चाळीस वर्षं साडीतच लोकलने नोकरी केली त्यामुळे साडीचं विचार. साडी म्हणजे साडेपाच मीटर न शिवलेलं कापड, ती तुझ्या अंगाप्रमाणे वळते, शिवलेल्या कपड्याला हे सुख नाही. सगळा खेळ निऱ्या आणि पदर यांचा.

रुंद काठ बुटक्या बाईने नेसू नये म्हणतात, त्यात तथ्य एवढंच की तो खाली पायाशी आडवा येतो आणि उंची तिथे तोडतो. मग काय करायचं, साडी अगदी जमिनीला टेकेल एवढी खाली नेसायची, चप्पल घालून मग निऱ्या घालायच्या, आणि ब्लाउज काठाच्या रंगाचा न शिवता साडीच्या अंगाच्या रंगाचा शिवायचा, म्हणजे वरून खालपर्यंत एकच रंग उतरतो आणि काठ नुसता खाली राहतो. नव्या पैठण्यांचं कापड कडक असतं, सासूबाईंची जुनी असेल तर ती आता मऊ पडली असेल, ते तुझ्या फायद्याचं. ऑर्गेंझा नि टिशूच्या साड्या तुझ्यासारख्या अंगावर फुलतात, त्यापेक्षा महेश्वरी, इरकल, क्रेप, जॉर्जेट, अंगाला धरून उतरणारं काहीही.

आता पदर. सगळ्या मुली पदराच्या चिमटीएवढ्या बारीक प्लेट्स करून मानेजवळ पिन मारतात. त्याने डावा खांदा अख्खा उघडा पडतो आणि बाहीपर्यंतचा भाग मोकळा मैदान दिसतो. तू प्लेट्स जरा रुंद कर, चार बोटं तरी, आणि पिन मानेजवळ न मारता खांद्याच्या मध्यावरून थोडी बाहेरच्या बाजूला मार, म्हणजे पदर खांदा घेऊन उतरतो. आणि पुढून पदर छातीवरून येताना एकदम ताठ इस्त्री केल्यासारखा नको, वरची घडी जरा सैल सोड. मागून पदर गुडघ्याच्या खाली गेला पाहिजे, आखूड पदराने बाई अजून बुटकी दिसते.

दुपारी हॉलवर उकडतं म्हणून पातळ बाही शिवशील तर ती छातीच्या रेषेवर संपवू नकोस. तिथे बाही संपली की तिथेच रुंदी दिसते. कोपरापर्यंत घे किंवा मग एकदम छोटी.

सुईदोरा

काठपदर काकू, पदराच्या पिनेचं अगदी शंभर टक्के. मी गिऱ्हाइकांना ट्रायलला साडी नेसवूनच बघायला लावते त्याचं कारण हेच.

ताई, ब्लाउजला कटोरी (छातीला वेगळा वाटीसारखा तुकडा) नको, प्रिन्सेस कट घ्या, त्याची शिवण मुंढ्यातून निघून उभी खाली येते, कंबरेचा आकार पण येतो आणि रुंदीला मध्ये एक उभी रेघ मिळते. मागे खोल गळा हवा असेल तर रुंद गोल करा, पण वरती नाडी बांधाच, रुंद पाठीवर खोल गळा घेतला की खांदे घसरतात आणि लग्नात दिवसभर ते वर ओढत बसावं लागतं. पॅड टाकू नका आणि पफ बाही आत्ताच्या फॅशनमध्ये असली तरी तिची चुणी खांद्याच्या टोकावर उभी राहते, तुम्हाला तिथे काही वाढवायची गरज नाही. हवीच असेल तर चुणी खाली कोपराकडे घ्या.

आणि @उरेबकट, बोट नेकवर मी विचार केला. रेडीमेड बोट नेक रुंद पाठीला नको हे मी अजून पण म्हणेन कारण पाठ कमी पडली की तो पुढून गळ्याला काचतो आणि मागे फुगा येतो, आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी त्याच असतात. पण मापाने शिवलेला, पाठीला जागा सोडून, पुढे दोन बोटं उतरवलेला, तो चांगला दिसेल हे मान्य. परवा एकीला तसा शिवून दिला, तुमचं म्हणणं बरोबर आलं.

उरेबकट

@सुईदोरा, दिल खूश. बिघाड गळ्यात दिसतो पण कारण पाठीत असतं हे लोकांना सांगून पटत नाही.

@खाडीपलीकडची, ऑफिससाठी मलमलच्या ऐवजी जरा वजनदार पण लोंबणारं कापड बघ. मोडाल, जाडसर रेयॉन, कॉटन क्रेप, लिनन असेल तर व्हिस्कोस मिसळलेलं, निव्वळ लिनन ऐरोली स्टेशनच्या जिन्यावरच चुरगळतं. मात्र आपल्या दमट हवेत पातळ रेयॉन पावसाळ्यात अंगाला चिकटतं, तेव्हा आत मऊ सुती अस्तर हवंच. चुडीदार, लेगिंग नको असं नाही, पण घेरदार कुर्तीवर बरं दिसतं, साध्या कुर्तीवर सरळ मऊ पँट किंवा थोडी खाली निमुळती होणारी. कुर्तीची लांबी गुडघ्याच्या जरा वर नाहीतर मग पोटरीच्या निम्म्यापर्यंत, बरोब्बर गुडघ्यावर संपणारी तुला आखूड करेल. कंबरेत बेल्ट आवळू नकोस, नाडी, चुण्या किंवा तिरकी ओव्हरलॅप पुरे. आणि एखादी कुर्ती उरेब कापडाची शिवून बघ, म्हणजे कापड तिरकं ठेवून कापलेली, कापड जास्त जातं, दीडपट धरून चाल, पण तिरकं कापड ताणतं आणि परत येतं त्यामुळे पाठीत अडत नाही आणि कंबरेत आपोआप आत जातं. पॅरिसला मादलेन व्हिओने या बाईंनी १९२०च्या दशकात अख्खे ड्रेस असे कापून नाव काढलं, आपल्याकडे चुडीदार तर कायमच तिरका कापतात, म्हणून तर चुण्या पडून पण पाय वाकतो.

चायनीज कॉलरच्या पडून असलेल्या कुर्त्या टाकू नकोस. कॉलर काढून गळा मोठा करून घे आणि साइड उघडून बघ आत काही माया आहे का. पाठीत कमी असतील तर पुढून उघड्या करून जॅकेटसारख्या घाल, उघडं जॅकेट पाठीत ओढत नाही.

खाडीपलीकडची

जॅकेटची आयडिया भारी आहे, मला सुचलीच नसती. सुईदोराताई, नाव नका सांगू पण विपू (इथली विचारपूस) बघा, मेसेज केलाय, नौपाडा मला चालत दहा मिनिटं. काकू, पैठणी जुनीच आहे, सासूबाईंच्या लग्नातली, हाताला एकदम मऊ लागते. ब्लाउज साडीच्या अंगाच्या रंगाचा म्हणजे जांभळा शिवते.

सुईदोरा

विपू बघितली. येताना जी मलमलची कुर्ती कायम घालता ती घेऊन या, माप तिच्यावरून पण काढते. आणि अस्तर तुम्ही आणणार असाल तर आदल्या रात्री पाण्यात भिजवून वाळवून मगच आणा, सुती अस्तर पहिल्या धुण्याला आटतं आणि मग वरचं कापड फुगून येतं. दिवाळीच्या आत या, तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू, मग मी नवीन ऑर्डर घेत नाही.